नकाशातलं राखाडी घर

ओट्यावर एक पत्र्याचा डबा परवापासून पडून आहे. बिस्किटांचा जुना डबा, झाकणावर मेंढ्यांचं चित्र, तेही कडांना खरवडलेलं. झाकण उघडलं की जळक्या साखरेचा वास येतो. पुरणाचा गूळ तळाला किंचित लागला की यायचा तसा, पण त्याला सोड्याची एक उग्र कड आहे. इथे या टॉफीला हॉकी-पोकी म्हणतात. साखर आणि गोल्डन सिरप उकळायचं, त्यात खायचा सोडा टाकायचा, ते फसफसून वर आलं की ताटात ओतायचं आणि गार झाल्यावर हातोडीने फोडायचं. आमच्या जॉन्सनव्हिल या उपनगराच्या दमट हवेत ती लगेच पाघळते. डब्यात आता पिवळा चुरा आणि एकच तुकडा उरला आहे, आणि आम्हा तिघांपैकी कुणीच तो उचलत नाही. डबा परत करायचा आहे. ज्यांचा आहे त्यांचं घर माझ्या रोजच्या वाटेवर आहे. सकाळी स्टेशनकडे उतरताना त्यांच्या फाटकावरूनच जातो. तरी डबा इथेच आहे, कारण त्या फाटकापाशी गेलं की मला लाज वाटते. गेलं वर्षभर वाटते आहे.

लाजेचेही प्रकार असतात. चारचौघांत पाय घसरून पडलो तर वाटते ती लाज कपडे झटकले की जाते. मला लहानपणापासून छळत आली ती मागण्याची लाज. पुण्याला आमच्या सोसायटीत आई हातात वाटी देऊन विरजण मागायला शेजारी पाठवायची. मी दारापर्यंत जायचो, बेलपर्यंत हातही न्यायचो, आणि तसाच परत येऊन सांगायचो की घरी कोणी नाही. त्याच वेळी त्या घरातल्या कुकरची शिट्टी आमच्या स्वयंपाकघरात ऐकू यायची. आई माझ्या हातातली वाटी काढून घेऊन स्वतः जायची. संक्रांतीला मात्र मी सगळ्यांच्या पुढे. नव्या शर्टाच्या खिशात तिळगुळाची डबी खुळखुळत असायची आणि जिने धडाधड चढून मी दारं वाजवत सुटायचो, कारण तेव्हा आधी द्यायचं असायचं आणि मग घ्यायचं. काही द्यायला हात पुढे करायचा असेल तर मला कधी अवघड गेलं नाही. रिकामा हात पुढे करायचा म्हटलं की माझं पाणी पाणी होई, आणि हे आपल्याबरोबर समुद्र ओलांडून येईल असं तेव्हा कुठे माहीत होतं.

लेक शाळेत जायला लागली आणि तिच्या दप्तरातून हॅलोवीन आमच्या घरात आलं. आपण चित्रांत पाहिलेलं असतं ते हॅलोवीन अंधाराचं, गळून पडलेल्या पानांचं. इथे दक्षिण गोलार्धात ते ऐन वसंतात येतं. टेकड्या गोर्स नावाच्या काटेरी झुडपांच्या फुलांनी पिवळ्याधमक झालेल्या असतात, वारा नुसता पिसाळलेला असतो, आणि संध्याकाळचं जेवण उरकलं तरी ऊन मावळलेलं नसतं. त्या उन्हात भुतं, चेटकिणी आणि हाडांचे सापळे हातात प्लॅस्टिकच्या बादल्या घेऊन घरोघर फिरतात, आणि त्यांच्या आया मागून सनस्क्रीनची बाटली घेऊन येतात. दिवाळीही त्याच सुमाराला असते, त्यामुळे आमच्या दारातला आकाशकंदील पाहून मुलांना वाटायचं की या घराने सजावट जरा मनावर घेतलेली दिसते. मी लेकीच्या मागे मागे जायचो आणि प्रत्येक फाटकाशी थांबून लेटरबॉक्स निरखत असल्याचं सोंग करायचो. एकदा एका बाईंनी दार उघडून अगदी गोड आवाजात सांगितलं की आम्ही हे अमेरिकन खूळ पाळत नाही. लेक पुढच्या दाराशी पोचेपर्यंत ते विसरली. मी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस त्या घरासमोरून जाताना पलीकडचा फूटपाथ धरत होतो.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. आमच्या जातीला काही खुपलं की आम्ही त्याच्याशी बोलत नाही, त्यावर काहीतरी बनवतो. गेल्या वर्षी मी आमच्या गल्लीचा नकाशा बनवला. फोनवर उघडायचा. ज्या घरांना मुलं आलेली चालतील ती नारिंगी, ज्यांना चालणार नाहीत ती राखाडी. कुणाकडच्या खाऊत शेंगदाणे आहेत, कुणाकडचा संपत आला आहे, कुठल्या क्रमाने गेलं तर चढ कमी लागेल, हे सगळं त्यात. एकाही मुलाने नकार ऐकायचा नाही आणि एकाही बापाने फाटकाशी अवघडून उभं राहायचं नाही, असा माझा बेत होता. बायको फार्मसिस्ट आहे. दिवसभर लोकांची दुखणी ऐकून तिला माणसाचं दुखणं कुठे आहे ते चटकन कळतं. नकाशा बघून ती म्हणाली, "तुला बेल वाजवायची लाज वाटते, म्हणून अख्ख्या गल्लीला ॲप?" मी हसलो. रंग जरा गडद केले.

गल्लीच्या ग्रुपवर मी विचारलं, आणि ज्यांनी होकार कळवला ती घरं नारिंगी झाली. ज्यांच्याकडून काहीच आलं नाही, त्यांच्याकडे जाऊन विचारायला हवं होतं. ते सोडून मी संध्याकाळी फिरायला जाता जाता घरं बाहेरून बघितली आणि आपलं आपणच ठरवलं. आता, पुण्यात वाढलेल्या माणसाचं आणि पाटीचं एक नातं असतं. आम्ही पाट्यांना हसतो, परगावच्या पाहुण्यांना कौतुकाने दाखवतो, पण पाळतो. बेल एकदाच वाजवावी असं लिहिलेलं असेल तर दुसऱ्यांदा वाजवायला आमचा हात उचलला जात नाही. आमच्या चढाच्या वळणावर एक घर आहे, रस्त्यापासून खूप वर, पायऱ्या झाडीतून नागमोडी गेलेल्या. तिथे एक वयस्कर गृहस्थ एकटे राहतात, एवढंच मला ऐकून माहीत होतं. त्यांच्या फाटकावर पाटी होती: कुत्र्यापासून सावध. मी पाटी वाचली, पायऱ्यांकडे पाहिलं, आणि तिथेच उभ्या उभ्या फोनवर ते घर राखाडी केलं. मनातून हायसंही वाटलं, कारण एक दार वाजवायचं वाचलं होतं.

हॅलोवीनच्या संध्याकाळी नकाशा सुरेख चालला. मुलांचे घोळके एका नारिंगी घरावरून दुसऱ्यावर असे सरकत होते की पाहतच राहावं. कुठे गर्दी नाही, कुठे बंद दार नाही. आया-बाप फोनकडे बघत चालले होते आणि मी त्यांच्याकडे बघत चाललो होतो, छाती फुगवून. वळणावर आलो तेव्हा लेक त्या फाटकाशी थांबली. जांभळा झगा, डोक्यावर शिंगं.

"बाबा, कॅन वी गो अप?"

"नाही गं, ते घर राखाडी आहे. कुत्रा आहे तिथे."

"द डॉग इज डेड," ती म्हणाली. "एव्हरीबडी नोज दॅट."

आदल्या वर्षी ती मैत्रिणीच्या घरच्यांबरोबर फिरली होती, तेव्हा वर जाऊन आली होती म्हणे. मी म्हणालो, "पाटी आहे ना पण." आमच्या मागे आणखी मुलं येत होती, नकाशा करणाऱ्यानेच वाट मोडली तर कसं दिसलं असतं? वरच्या खिडकीत काहीतरी काळं, टोकदार हललं. लेकीने हात हलवला. मी तिचा दुसरा हात धरून तिला पुढे नेलं.

घरी आलो तेव्हाही आकाशात उजेड होता. लेक गालिच्यावर खाऊचे ढीग लावत होती, बायको अजून कामावरून यायची होती, आणि मी ग्रुपवरची कौतुकं वाचत बसलो होतो. कुणी 'स्वीट ॲज', म्हणजे एकदम झकास, असं लिहिलं होतं, कुणी 'गेल्या वर्षीपेक्षा हेप्स बेटर'. हेप्स म्हणजे इकडच्या बोलीत खूप, ढीगभर. तेवढ्यात दारावर टकटक झाली. बाहेर एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उभे होते. डोक्यावर काळ्या पुठ्ठ्याची चेटकिणीची टोपी, वाऱ्याने तिचं टोक मोडलेलं. एका हातात काठी, काखेत हाच मेंढ्यांचा डबा.

"कीया ओरा," ते इथल्या पद्धतीने नमस्कार करत म्हणाले. "त्रास देतोय, माफ करा. मी त्या वरच्या घरात राहतो." इतकी वर्षं मी त्यांच्या फाटकावरून जात होतो आणि ओळख त्यांना करून द्यावी लागत होती. "मुलं सगळी बरी आहेत ना? खाली दिसली मला. वर कोणी आलं नाही, तेव्हा म्हटलं पायऱ्यांवर कुणाला लागलं-बिगलं तर नाही."

मी म्हणालो, नाही, नाही, सगळी छान आहेत, दमली असतील, पायऱ्या फार आहेत ना. त्यांनी मान हलवली, पण ते गेले नाहीत. टोपी काढून हातात घेतली आणि आवाज खाली आणून म्हणाले, "माझ्याकडून काही झालं आहे का? लोक काही म्हणत असतील तर सांगा. एकटाच असतो मी, मला कळायचं नाही."

ते काय विचारत आहेत हे माझ्या ध्यानात यायला एक क्षण लागला, आणि आलं तेव्हा कानशिलं तापली. एकटा राहणारा म्हातारा माणूस, आणि अचानक एका वर्षी गल्लीतलं एकही मूल त्याच्या दाराशी येत नाही. हल्लीच्या दिवसांत अशा माणसाच्या मनात काय काय येऊन गेलं असेल! त्या खिडकीत बसून त्यांनी आपली सगळी वागणूक पुन्हा पुन्हा तपासली असेल, आणि काही सापडलं नाही म्हणून काठी टेकत एवढ्या पायऱ्या उतरून एका अनोळखी दाराशी विचारायला आले असतील. मला आयुष्यात कधी जमलं नाही ते त्यांनी केलं होतं, आणि तेही माझ्यामुळे करावं लागलं होतं.

मी तोंड उघडायच्या आत मागून लेक म्हणाली, "इट्स द मॅप. माय डॅड मेड इट. यू आर ग्रे."

"म्हणजे काय?"

"मीन्स डोन्ट गो," तिने सांगितलं. ती त्यांना नीट समजावून देत होती, बाकी तिच्या मनात काही नव्हतं.

त्यांनी नकाशा बघायला मागितला. चष्मा लावला. बोट टेकलं की नकाशा भलतीकडेच सरकायचा, मग मी तो पुन्हा जागेवर आणून द्यायचो. असं होत होत त्यांना आपलं घर सापडलं. आजूबाजूला नारिंगी ठिपके आणि मध्ये ते. "मला मुलं नकोत असं कुणी सांगितलं होतं का?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, नाही, पण तुमच्या फाटकावर पाटी आहे. त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "आहे खरी. चूक माझीच. ती काढायला हवी होती." डबा त्यांनी लेकीच्या हातात दिला आणि बजावलं की हातोडीने फोडलेलं आहे, कडांना सांभाळून खा. त्या वेळी मी म्हणायला हवं होतं की चूक तुमची नाही. मी 'थँक यू' म्हणालो आणि दार लावलं.

ते पायऱ्या चढत असतील तोवर मी त्यांचं घर नारिंगी करून टाकलं. सगळी मुलं घरी परतल्यावर. मग ग्रुपवर लिहिलं की वळणावरचं घर माझ्याकडून चुकून राखाडी झालं होतं. अंगठे आले. एका मुलाच्या आईने मात्र मला एकट्याला लिहिलं: असं होय, आम्हाला वाटलं काहीतरी कारण असणार, मी दोघीतिघींना जपून राहायला सांगितलंसुद्धा. रंगाला कारण मी दिलं नव्हतं, म्हणून प्रत्येकाने आपापल्या मनाने दिलं होतं. बंद दारापुढे एक लहान मुलगी क्षणभर हिरमुसू नये म्हणून मी हा खटाटोप केला होता, आणि त्यात एका भल्या माणसाकडे गल्ली संशयाने बघायला लागली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनकडे निघालो तर फाटकावर पाटी नव्हती. पाटी होती तेवढा लाकडाचा चौकोन ताज्या, फिकट बदामी रंगाचा, कोपऱ्यांत स्क्रूची भोकं. बाकी सगळं फाटक उन्हावाऱ्याने रापलेलं. संध्याकाळी मी बायकोला म्हणालो की फराळाचं ताट घेऊन जातो त्यांच्याकडे. ती कंदिलाची वायर गुंडाळत होती. म्हणाली, "ताट नेलंस की ते तुझे आभार मानतील. तुला आभार हवेत का?" मग मी रिकाम्या हाताने गेलो.

त्यांनी आत बोलावलं. मी सगळं सांगितलं: की मी विचारायला आलोच नव्हतो, पाटी बघून ठरवून टाकलं होतं, लेक सांगत होती तरी ऐकलं नव्हतं, आणि चूक माझी आहे. त्यांनी ऐकून घेतलं. काही हरकत नाही, असं ते म्हणाले नाहीत, आणि त्याचं मला बरंच वाटलं. दाराच्या आतल्या बाजूला खुंटीवर एक चामडी पट्टा होता आणि त्याच्या शेजारी आता ती पाटी. "कुत्रा जाऊन बरीच वर्षं झाली," ते म्हणाले. "सामान घेऊन वर येताना ही दिसायची. वाटायचं, आहे अजून वर." मी म्हणालो, मी ती फाटकावर पुन्हा लावून देतो, आत्ता, माझ्या हाताने. त्यांनी नकारार्थी मान हलवली. "मुलं काही ती वाचत नव्हती," ते म्हणाले, "पण मोठी माणसं वाचतात ना." त्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

नकाशा मी त्याच आठवड्यात काढून टाकला. यंदा ग्रुपवर नकाशाची विचारणा झाली, तेव्हा नाही म्हणून कळवलं, आणि वळणावरच्या घरी या वर्षी नक्की जा असंही लिहिलं. मला वाटलं, झालं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. परवा संध्याकाळी लेक दोन मैत्रिणींना घेऊन सगळ्यांत आधी वर गेली. आणखीही काही मुलं गेली. पण मी खाली फाटकाशी उभा होतो आणि मला दिसत होतं. एक कुटुंब आलं, वर बघितलं, आईने मुलाच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती पुढे गेली. मग आणखी एक. त्यांना राखाडी आठवतही नसेल कदाचित. नकाशा पुसला गेला होता, पण गेल्या वर्षीची वाट पायांना ठाऊक झाली होती. काही मुलांच्या आयुष्यातलं ते पहिलंच हॅलोवीन होतं, त्यांना दुसरी वाट माहीतच नव्हती. काळोख पडता पडता लेक खाली आली ती हाच डबा पुन्हा घेऊन; गेल्या वर्षी तो तिनेच परत नेऊन दिला होता. "ही सेड देअर इज हेप्स लेफ्ट," ती म्हणाली.

आज सुट्टी. सकाळी बायकोने डबा हलवून पाहिला आणि विचारलं, "चकल्या भरून देऊ का यात?" आमच्याकडे शेजारचा डबा रिकामा परत जात नाही, तसं तो घासूनपुसून चकल्यांनी भरला असता तर मला किती सोपं गेलं असतं, ते तिलाही माहीत होतं. मी म्हणालो, नको. शेवटचा तुकडा मी खाल्ला, डबा धुतला, पुसला, आणि पायांत जँडल्स, म्हणजे इकडच्या रबरी चपला, अडकवून निघालो. फाटकाशी थांबलो. वर्षभरात तो बदामी चौकोनही मळत आला आहे. इकडचा वारा आणि ऊन लाकडाला हळूहळू चंदेरी, मग राखाडी करून टाकतात. अजून एखाददोन हिवाळे गेले की तिथे काही होतं हे भोकांखेरीज कशावरूनही कळणार नाही. मला मात्र कळत राहील, आणि ते बरंच आहे, असं मला वाटतं.

पायऱ्या चढून दार वाजवलं. ते आले. मी रिकामा डबा पुढे केला आणि विचारलं, "अजून आहे का?"

विचारताना वाटायची तेवढी लाज वाटलीच. वाटी घेऊन शेजाऱ्यांच्या दाराशी उभ्या राहिलेल्या त्या मुलाला वाटायची तशीच, त्यात काही फरक पडला नव्हता. त्यांनी एकदा डब्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग चेहरा असा खुलला की मला खाली बघावं लागलं. "आहे की," ते म्हणाले. "एक अख्खं ताट आहे, फोडायचं राहिलंय. थांबा." आतून हातोडीचा आवाज यायला लागला. मी उंबऱ्यापाशी उभा राहिलो आणि मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत मी तिथून कधी खाली बघितलं नव्हतं. तिथून सगळी गल्ली दिसते. आमचं दार दिसतं, अजून न उतरवलेला कंदील दिसतो, प्रत्येक घराच्या पायवाटा दिसतात. आणि फाटकासमोरचा फूटपाथ तर इतका स्पष्ट दिसतो, की तिथे थांबलेल्या लहान मुलीने हात हलवलेला दिसावा, आणि तिचा दुसरा हात धरून तिला पुढे नेणारा माणूसही दिसावा.